हे ते नाही

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, किसन रोकडे कात्रपच्या एका गल्लीत वॉल्व उघडून गेला आणि बंद करायला विसरला.

बदलापूर पूर्वेला पाणी सोडणारा चावीवाला म्हणून त्याला सव्वीस वर्षं झाली होती. कुठल्या भागाला किती वाजता पाणी, कुठला वॉल्व किती आटे फिरवायचा, कुठला जाम होतो आणि त्याला कुठून हिसका द्यायचा, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्या दिवशी तो वॉल्व उघडून पुढच्या नाक्यावर गेला, टपरीवर दोन बाटल्या पाणी प्यायला, तरी घसा कोरडाच राहिला म्हणून तिसरी घेतली, आणि तिथल्या बाकड्यावर बसून राहिला. आपण कशासाठी बसलोय हे त्याला आठवेना. खिशातलं वेळापत्रक काढलं तर अक्षरं दिसत होती, पण अर्थ लागत नव्हता. मग उठून तो दुसरीकडेच चालू लागला.

खालच्या दोन सोसायट्यांच्या टाक्या भरून वाहू लागल्या. वरच्या चढावरच्या चाळींना थेंब मिळाला नाही. संध्याकाळी सात-आठ बाया रिकामे हंडे घेऊन पाण्याच्या ऑफिसात आल्या. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने किसनकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, "चोवीस तास परत आला वाटतं!"

काही जण हसले.

त्या नावामागे एक गोष्ट होती. २००६ च्या मे महिन्यात, तेहतीस वर्षांचा असताना, किसन नऊ दिवस झोपला नव्हता. झोपेची गरजच वाटत नव्हती. डोक्यात कल्पना एकामागून एक येत होत्या आणि प्रत्येक कल्पना सोन्यासारखी वाटत होती. दहाव्या दिवशी त्याने हाताला लागले तेवढे सगळे वॉल्व उघडले आणि रस्तोरस्ती ओरडत फिरला, "आजपासून चोवीस तास पाणी! माणसाने पाण्यासाठी रांग लावायची नाही!" दुपारपर्यंत मोठी टाकी कोरडी झाली. पुढे दोन दिवस निम्म्या गावाला पाणी नव्हतं. त्याची मोठी बहीण चांगुणा त्याला धरून, अक्षरशः कवेत जखडून, दवाखान्यात घेऊन गेली. दीड महिना तो तिथे होता. बाहेर आला तो मन ताळ्यावर ठेवणाऱ्या लिथियमच्या गोळ्या घेऊन. तेव्हाच्या साहेबाने कागदावर ताप लिहिला म्हणून नोकरी वाचली.

त्यानंतर एकोणीस वर्षं त्याने गोळी चुकवली नव्हती. मुलीच्या बारशाला नाही, आईच्या मयताला नाही. दर तीन महिन्यांनी उल्हासनगरला जाऊन डॉक्टरांना दाखवायचं, रक्त द्यायचं, चिठ्ठी घ्यायची. त्या गोळीने त्याला सावरलं होतं, आणि तो ते मानत होता.

"काका," दुसऱ्या दिवशी कनिष्ठ अभियंता समीरसाहेब त्याला म्हणाले. पोरगा तिशीचा, पण बोलायला नीट. "थोडे दिवस तुम्ही चावी मधुकडे द्या. तक्रारींच्या रजिस्टरवर बसा. पंख्याखाली. आराम मिळेल."

"साहेब, चुकून झालं. डोकं जरा जड होतं."

"तेच म्हणतोय मी. डोक्याला आराम द्या."

डोकं हा शब्द साहेबांनी जपून उच्चारला, तेवढ्यावरून किसनला सगळं कळलं. चावी घ्यायला मधु आला. मधु बदलापूर गावातला, किसनबरोबर वीस वर्षं काम केलेला. चावी खांद्यावर टाकून तो हळूच म्हणाला, "काय झाला रं तुला? दोन महिनं बगतंय मी, तू चावी फिरवताना दम खातस."

"हात दुखतात रे. खांदे, मांड्या, सगळंच."

"मंग दाखव ना डागतरला."

"कुठल्या?" किसनने विचारलं.

रजिस्टरवर बसणं किसनला जमेना. फोन वाजायचा, पाणी आलं नाही म्हणून बाई सांगायची, तो लिहायचा, आणि लिहिता लिहिता पाय हलायला लागायचे. उठून पाणी प्यायचा. पुन्हा बसायचा. पुन्हा लघवीला जायचा. पोट आठ-आठ दिवस साफ व्हायचं नाही. खुर्चीत अंग टेकलं की हाडांच्या आतून ठणका यायचा, आणि उभं राहिलं की वाटायचं, बसावं. मन एका जागी थांबत नव्हतं, पण कुठे जायचं तेही त्याला ठरवता येत नव्हतं. सुट्टी झाली की तो घरी न जाता चालत सुटायचा, स्टेशन ओलांडून पार बदलापूर गावापर्यंत. वाटेत दोन-तीन ठिकाणी पाणी मागून प्यायचा.

घरी बायको विशाखा काही बोलत नसे. पण एका संध्याकाळी तो दारातून आत आला तेव्हा ती गोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन मोजत होती. त्याला बघून तिने डबा बंद केला.

"बरोबर आहेत ना?" तो म्हणाला.

"बरोबर आहेत."

"मग?"

"मग काय? लोक येऊन सांगतात मला. तुमचे मिस्टर गावात चालताना दिसले, एकटेच काहीतरी पुटपुटत होते. मी काय समजू?"

"विशाखा, हे ते नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही, थकून. "तेव्हाही तुम्ही हेच म्हणत होतात. याच शब्दांत."

ते खरं होतं. २००६ मध्येही तो छातीवर हात मारून सांगत होता की मला काही झालेलं नाही. मग आताच्या आपल्या सांगण्यावर तिने का विश्वास ठेवावा? आणि खरं तर आपण तरी का ठेवावा? एकोणीस वर्षांत त्याला स्वतःवर नजर ठेवायची सवय लागली होती. जास्त बोललो का? उगाच खर्च केला का? झोप किती झाली? कुठल्याही आनंदाच्या दिवशी तो एकदा तरी स्वतःची अशी झडती घ्यायचा. आता झडती घेतली तर काही जुळत नव्हतं. बडबड नव्हती, कल्पना नव्हत्या, उलट साधी फोडणीची मिरची आणायला सांगितली तरी गल्ली ओलांडेपर्यंत विसरायला व्हायचं. पण डॉक्टरांनी मागे एकदा सांगितलं होतं की या आजाराला दुसरीही बाजू असते. माणूस खचतो, मंदावतो, रडतो. म्हणजे चढलं तरी तेच, उतरलं तरी तेच. यातून सुटायची वाट त्याला दिसेना.

मुलगा विक्रांत मोबाइलच्या दुकानात कामाला होता. त्याने रजा टाकली आणि वडिलांना बाइकवर मागे बसवून उल्हासनगरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर सिंधी, साठी ओलांडलेले, किसनला पहिल्यापासून तेच बघत होते. त्या दिवशी बाहेर तीस माणसं होती.

"पप्पांना जरा बेचैनी आहे. कामात गडबड करतायत. झोप पण बरोबर नाही," विक्रांतने एका दमात सांगितलं.

"लिथियमची लेव्हल तो ठीक आहे मागच्या महिन्याची," डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले. "किसनभाई, टेन्शन काय आहे? घरात काही?"

किसन म्हणाला, "हाडं दुखतात, डॉक्टर."

"होता है. उमर भी हो रही है ना." आणि त्यांनी रात्रीसाठी एक गोळी वाढवून दिली.

त्या गोळीने किसन आणखी जड झाला. जीभ जड, पाय जड, आणि आतली तगमग तशीच, उलट आता ती कुणाला सांगायची ताकद नाही. घरात सगळे हळू आवाजात बोलू लागले. धाकटी पायल कॉलेजातून आली की आधी आईकडे बघायची, आई मान हलवायची, मग ती वडिलांशी बोलायची. किसनला हे सगळं दिसत होतं. एक दिवस तो पायलवर खेकसला, "मी मेलो नाही अजून, सरळ विचार ना मला!" आणि लगेच सगळ्यांचे चेहरे असे झाले की त्याला वाटलं, बोललो नसतो तर बरं.

मे महिन्यात एका सकाळी तो कुणाला न सांगता शेअर रिक्षाने अंबरनाथला उतरला, तिथून दुसरी धरून उल्हासनगरच्या कॅम्प पाचला गेला. आक्काकडे. चांगुणा आता बासष्टची होती, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. घरात जीन्सचा ढीग पडलेला असायचा. कारखान्यातून शिवून आलेल्या पॅंटींचे लोंबते धागे कापून द्यायचं काम ती करायची. दारातच बसून ती धागे कापत होती. भावाला बघून तिने कात्री खाली ठेवली नाही, फक्त म्हणाली, "बस. चहा ठेवते एवढ्या चार झाल्या की."

तो ढिगाजवळ जमिनीवर बसला. माठातून पाणी घेतलं. पुन्हा घेतलं. चांगुणाच्या चार पॅंटी होईपर्यंत तो पाच पेले प्यायला होता. ती बघत होती.

"उपाशी आहेस?"

"भूकच लागत नाही."

"विशाखाचा फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणाली, आक्का, तुम्हीच समजवा, परत सुरू झालंय."

किसनचा चेहरा पडला. "तुलाही तसंच वाटतं?"

चांगुणा उठून आत गेली. चहा आणला. तो पिऊन झाल्यावर किसन उठायला गेला आणि उठता येईना. एक हात जमिनीला, दुसरा जीन्सच्या ढिगाला टेकून, गुडघ्यावर येऊन, भिंतीला धरून तो उभा राहिला. बावन्न वर्षांचा माणूस, सव्वीस वर्षं लोखंडाची चावी फिरवलेला.

"थांब," चांगुणा म्हणाली. "परत बस. परत ऊठ."

"आक्का, चेष्टा करतेस काय?"

"ऊठ म्हणते ना."

तो पुन्हा तसाच उठला. धापा टाकत होता.

"किसन, तेव्हा तुला मी धरलं होतं," ती म्हणाली. "मी आणि दोन गडी. तिघांच्या हातातून तू निसटत होतास. अंगात काय जोर होता तुझ्या! घोटभर पाणी घे म्हटलं तर पेला भिरकावलास. आणि आज तू माझा माठ संपवलास आणि जमिनीवरून उठता येत नाही तुला. हे ते कसं असेल?"

किसन भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हे वाक्य त्याच्याआधी दुसऱ्या कुणीतरी बोललं होतं.

"रडू नको. चप्पल घाल," चांगुणा म्हणाली. "आत्ताच जाऊ तुझ्या डॉक्टरकडे. काम राहू दे."

डॉक्टरांकडे गर्दी होतीच. चांगुणाने नंबर लावला, दोन तास बसली, आत गेल्यावर मात्र खुर्चीवर बसली नाही. वाटेत किसनकडून काढून घेतलेलं सगळं तिने उभ्यानेच सांगितलं. पाणी किती पितो, लघवीला किती वेळा जातो, पोट कसं साफ होत नाही, हाडं कुठे कुठे दुखतात, जमिनीवरून कसा उठतो. "आणि डॉक्टरसाहेब, गेल्या वर्षी याला मुतखडाही झाला होता. तुम्हाला सांगितला का याने?"

"नाही सांगितला," किसन म्हणाला. "तो वेगळ्या डॉक्टरांनी काढला. मला वाटलं, त्याचा याच्याशी काय संबंध?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. किसनची फाइल जाडजूड होती, दोऱ्याने बांधलेली. त्यांनी ती सोडली आणि मागून पुढे एकेक रिपोर्ट बघत गेले. लिथियमची पातळी होती, किडनीची तपासणी होती, थायरॉइड होतं, वर्षानुवर्षांचं. बाहेरून कंपाउंडर डोकावून गेला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. बराच वेळ पानं उलटल्यावर ते म्हणाले, "कॅल्शियम कुठेच नाहीये."

"म्हणजे?" चांगुणाने विचारलं.

"म्हणजे मी कधी केलंच नाही. करायला पाहिजे होतं. साल में एक बार तो करना ही चाहिये था." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "माझ्याकडून राहून गेलं, ताई. आणि किसनभाई, मागच्या वेळी तुम्ही हाडं म्हणालात, मी ऐकलं नाही. आज रक्त देऊन जा. ती वाढवलेली गोळी बंद."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी स्वतः फोन केला. कॅल्शियम बारा होतं. साडेदहाच्या आत असायला हवं. गळ्यातल्या एका ग्रंथीची आणखी एक तपासणी सांगितली, तिचा आकडा असायला हवा त्याच्या अडीच पट आला. त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या ओळखीच्या डॉक्टरबाईंच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली.

त्या मॅडम तरुण होत्या, भरभर बोलणाऱ्या. विशाखा सोबत होती, पदराच्या टोकाला पीळ देत बसलेली. मॅडमनी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. घरात आई-वडिलांना, भावंडांना मुतखडे? हाडं पटकन मोडण्याचा त्रास? पोटातला अल्सर? लहानपणी गळ्याला कधी शेक, म्हणजे किरणांचे उपचार? किडनीचा जुना आजार? उन्हात फिरणं होतं का?

"सव्वीस वर्षं उन्हातच आहे मी," किसन म्हणाला.

"आणि लिथियम किती वर्षं?"

"एकोणीस."

मॅडमनी मान हलवली, जणू तेच ऐकायचं होतं. मग कागद ओढून त्यांनी गळ्याचं चित्र काढलं. थायरॉइडच्या मागे चार ठिपके. "या चार ग्रंथी. पॅराथायरॉइड. तांदळाच्या दाण्याएवढ्या. रक्तात कॅल्शियम किती आहे यावर लक्ष ठेवणं हे यांचं काम. कमी झालं की या हाडातलं कॅल्शियम काढून रक्तात सोडतात. पुरेसं झालं की थांबतात. तुमच्या थांबत नाहीयेत. समजा, एखादा नळ उघडाच राहिला—"

किसन ताडकन म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"कात्रपचं. वॉल्वचं."

विशाखाने त्याच्या हातावर हात ठेवला आणि मॅडमना त्याची नोकरी सांगितली. मॅडम हसल्या, आणि किसनही कसानुसा हसला.

"हा आजार झालेल्या बहुतेकांत चारपैकी एका दाण्याची गाठ होते आणि तोच जादा काम करायला लागतो. का होते, ते बऱ्याचदा सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "काहींना ते घराण्यातून येतं. काहींना किडनी बिघडल्याने, काहींना ड जीवनसत्त्व फार कमी झाल्याने ग्रंथी जादा राबतात. तुमच्या बाबतीत मला लिथियमचा संशय आहे. वर्षानुवर्षं घेतलं की काही जणांच्या या ग्रंथींची जाण बोथट होते. रक्तात पुरेसं कॅल्शियम असूनही त्यांना कमीच वाटतं. त्यामुळे एकाऐवजी दोन-तीनही सुजू शकतात."

विशाखाने मघापासून धरून ठेवलेला प्रश्न विचारला. "गाठ म्हणजे कॅन्सर आहे का, मॅडम?"

"या ग्रंथींचा कॅन्सर फार क्वचित. इथे तसं वाटत नाही. काढल्यावर तपासायला पाठवूच."

"आणि हे जे विसरणं, चिडणं, चालत सुटणं?"

"कॅल्शियम वाढलं की डोक्यावर परिणाम होतोच. थकवा, उदासी, बेचैनी, गोंधळ. सगळंच त्याने झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण बरंचसं."

घरी आल्यावर मोरीत तोंड धुताना विशाखाचे खांदे हलत होते. किसनने बघितलं, पण तो आत गेला नाही. इतके दिवस ती आपल्याकडे कशी बघत होती ते त्याच्या मनातून जात नव्हतं.

खरी रणधुमाळी त्या संध्याकाळी झाली. विक्रांतने सगळं ऐकून घेतलं आणि गोळ्यांचा डबाच उचलला. "म्हणजे या गोळीने झालंय सगळं! आणि आपण एकोणीस वर्षं पैसे देऊन पप्पांना हे खाऊ घातलं! फेकून देतो, आत्ताच."

"ठेव तो खाली," किसन म्हणाला.

"पप्पा, ज़हर है ये!"

"ठेव म्हणतो ना!" किसन उठून उभा राहिला, भिंतीला धरून. "तू पाच वर्षांचा होतास तेव्हा. तुला काय आठवतंय? मी तुला खांद्यावर घेऊन भर रस्त्यात नाचलो होतो, ट्रक येत होता, आणि मला वाटत होतं ट्रक मला बघून थांबणार. आक्काने ओढलं म्हणून तू आहेस. या गोळीने मला त्यातून काढलं. तुझी शाळा, पायलचा जन्म, ही खोली, सगळं त्यानंतरचं आहे."

विक्रांतने डबा टेबलावर ठेवला. ट्रकची गोष्ट त्याने पहिल्यांदाच ऐकली होती.

पण किसनच्या मनातही धुमश्चक्री चालू होतीच. गोळी सोडली तर ते परत येईल. धरून ठेवली तर उरलेल्या ग्रंथीही बिघडतील. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सगळं स्पष्ट सांगितलं. नुसती गोळी थांबवून आता बहुधा भागणार नाही, इतक्या वर्षांनी सुजलेल्या ग्रंथी आपोआप बसत नाहीत, ऑपरेशन लागेलच. त्यानंतर लिथियम हळूहळू कमी करून दुसरं औषध देता येईल, पण ते लागू पडेलच अशी हमी नाही. किंवा लिथियम चालू ठेवून दर तीन महिन्यांनी कॅल्शियम बघायचं. किडनी अजून चांगली आहे, त्यामुळे दोन्ही वाटा उघड्या आहेत. "घाई नाही. तुम्ही ठरवा," ते म्हणाले. किसनला नवल वाटलं. इतक्या वर्षांत त्याच्या डोक्याबद्दल काही ठरवायला त्याला पहिल्यांदाच कुणी सांगितलं होतं. चार दिवसांनी तो जाऊन सांगून आला. गोळी चालू ठेवायची.

जुलैत ऑपरेशन झालं. गळ्यावर, आडवी, चार बोटांची चीर. चारपैकी दोन ग्रंथी फुगलेल्या निघाल्या, एक तर शेंगदाण्याएवढी. त्या काढल्या, दोन ठेवल्या. शुद्धीवर आल्यावर किसनला सगळ्यात आधी जाणवलं ते हे की घसा दुखतोय, पण तहान लागलेली नाही. तो त्याच विचारात पडून राहिला. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या, बोटं आकडू लागली. विशाखा धावत नर्सकडे गेली. इतकी वर्षं लुटली गेलेली हाडं आता रक्तातलं कॅल्शियम परत ओढून घेत होती. सलाइनमधून कॅल्शियम दिलं, मग मोठाल्या गोळ्या. सहाव्या दिवशी घरी सोडलं. तपासायला पाठवलेल्या ग्रंथींचा रिपोर्ट दोन आठवड्यांनी आला, कॅन्सर नव्हता.

एकदम सगळं ठीक झालं असं नाही. हाडांचा ठणका पावसाळाभर राहिला, कमी होत होत. विसरणं गेलं, पण काही दिवस अजूनही पाय शांत बसत नसत, आणि मग किसनला ती जुनी झडती घ्यावीच लागे. हे कशामुळे? गळ्यामुळे, डोक्यामुळे, की नुसत्या उकाड्यामुळे? रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत कळायला मार्ग नसे. सप्टेंबरमध्ये कामावर रुजू व्हायला गेला तेव्हा ऑफिसने दोन दाखले मागितले, एक गळ्याच्या डॉक्टरांचा आणि एक डोक्याच्या. दुसरा दाखला ऑपरेशनसाठी कशाला लागतो, असं त्याने विचारलं. समीरसाहेबांनी खाली बघत सांगितलं, वरून सांगितलंय. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी तो लिहून दिला. देताना म्हणाले, लिथियमवर असलेले आपले सगळे जुने पेशंट ते एकेक करून बोलावतायत, कॅल्शियमसाठी. अंबरनाथच्या एका बाईचं वाढलेलं निघालंय.

किसन आणि विशाखामध्ये मात्र काहीतरी अडून राहिलं होतं. ती पथ्य सांभाळायची, गोळ्या द्यायची, दवाखान्यात यायची. तोही गुमान घ्यायचा. तिने माफी मागितली नव्हती आणि त्याला ती मागून हवी होती असंही नाही. पण बोलताना दोघंही शब्द निवडून बोलायचे, काचेचं भांडं हातात असल्यासारखे.

डिसेंबरमध्ये एका रविवारी सकाळी शेजारच्या आनंदाने पुन्हा एकदा आपली बाइक रोकड्यांच्या दाराला आडवी लावली. चौथ्यांदा. किसन भाजी आणायला निघाला होता. त्याने आधी हाक मारली. आनंदा आतूनच म्हणाला, "काढतो पाच मिनिटांत." वीस मिनिटं झाली. मग किसनने आवाज चढवला. आनंदा बाहेर आला, काहीतरी उलट बोलला, आणि किसनचं डोकं भडकलं. "तुझ्या बापाचा रस्ता आहे का? रोज रोज सांगायचं? हवा काढून ठेवीन टायरातली, मग बस ढकलत!" अख्खी चाळ दारात आली. पायल आतून धावत आली आणि आईकडे बघू लागली. विक्रांतही दात घासता घासता बाहेर आला आणि आईकडे बघू लागला.

ते बघणं किसनला दिसलं. तो बोलता बोलता थांबला. गळ्यावरची खूण लाल झाली होती, श्वास वर-खाली होत होता. आता विशाखा आत जाईल, डबा उघडेल, चांगुणाआक्काला फोन लावेल, असं त्याला वाटलं.

विशाखा हातातला कणकेचा गोळा तसाच घेऊन उंबऱ्यावर आली. मुलांकडे तिने पाहिलंच नाही.

"अहो, किती ओरडता!" ती म्हणाली. "रविवारचं लोकांना झोपू द्याल की नाही? आणि आनंदा, तू काढ रे ती बाइक, लाज वाटू दे जरा. चला, भाजीला उशीर होतोय, येताना मेथी आणा. जून आणू नका मागच्यासारखी."

एवढं बोलून ती आत गेली. आनंदाने कुरकुरत बाइक काढली. एकोणीस वर्षांत किसन कधी चिडला की घर गप्प व्हायचं. कुणी त्याला असं चारचौघांसारखं झापलं नव्हतं. त्याने पिशवी झटकली, आतल्या दिशेने मोठ्याने विचारलं, "किती जुड्या?"

"दोन," आतून आवाज आला. "आणि कोथिंबीर."